एका दिवसात, पायी : धारानगरी



शताब्दीच्या व्याख्यानमालेत वक्त्याने ग्रंथांविषयी बोलावे, हे रीतीला धरून झाले असते. परंतु संयोजकांनी विषयाची मोकळीक दिली आणि मी पायी चालण्याचा विषय घेतला. अर्थात त्याचे मूळही ग्रंथालयातच आहे. आपल्याकडे प्रवासवर्णनांचे जे कपाट आहे, त्यातील पुस्तकांची पाने इतर कुठल्याही कपाटापेक्षा अधिक हाताळलेली दिसतात. ज्यांना कधी मुंबईपलीकडे जाणे घडले नाही, अशा कित्येक सभासदांनी या पुस्तकांच्या आधारे रोम आणि फ्लॉरेन्स पाहिले आहे. इटलीतील जुनी शहरे एका दिवसात पायी कशी पाहावीत, हा तर अशा लेखनाचा आवडता विषय. सकाळी स्थानकावर उतरावे, वेशीतून आत शिरावे, चौक, देऊळ, मनोरा पाहावा आणि दिवेलागणीला परत गाडीत बसावे, इतकी ती शहरे आटोपशीर असतात.

त्यांपैकी लुक्का या शहराविषयी दोन शब्द सांगतो, कारण पुढील सर्व विवेचनाला त्याचा आधार आहे. लुक्काभोवतीचा तट सोळाव्या-सतराव्या शतकांत उभा राहिला. त्याचा घेर सुमारे ४ किलोमीटरांचा. तोफांपुढे अशा तटांचा निभाव लागेनासा झाला, तेव्हा युरोपातील पुष्कळ शहरांनी आपापले तट पाडून तेथे रुंद रस्ते केले. लुक्काने मात्र एकोणिसाव्या शतकात तटाच्या माथ्यावर झाडे लावली आणि त्याचा फिरण्याचा रस्ता केला. आज गावकरी संध्याकाळी त्यावर फिरतात, मुले सायकली चालवतात. पाहुणा आला की प्रथम त्याला तटावरून एक फेरी घडते आणि मग तो गावात उतरतो. गावाचा आकार आधी, तपशील मागाहून. शहर पाहण्याचा याहून शहाणा क्रम मला ठाऊक नाही.

आता आपल्या घराकडे वळू. इंदूरहून मांडूला निघालेले पाहुणे वाटेत धारेस थांबतात, ते बहुधा अर्धा तास. मोटार भोजशाळेपाशी उभी राहते, छायाचित्रे निघतात, आणि ‘पुढे मांडू पाहायचे आहे’ असे म्हणून मंडळी निघून जातात. मांडू सुंदर आहे यात वाद नाही. परंतु मांडूला राजधानी गेली ती होशंगशहाच्या काळी, पंधराव्या शतकात. त्यापूर्वी चार शतकांहून अधिक काळ माळव्यातील राजकारणाचा आणि विद्येचा केंद्रबिंदू धार हाच होता. वाकपती मुंज, सिंधुराज, भोज, उदयादित्य, नरवर्मा, अर्जुनवर्मा ही परमारांची नामावळी ज्या गावाशी जोडलेली आहे, त्या गावाच्या वाट्याला अर्धा तास यावा, हे मला सोसत नाही. म्हणून माझी सूचना अशी, की धारेला एक पूर्ण दिवस द्यावा, मांडू त्या दिवशी मनातही आणू नये, आणि हा दिवस पायी काढावा.

पायी कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की धारेतील सर्वांत मोठी आणि बहुधा सर्वांत जुनी वास्तू मोटारीतून दिसतच नाही. ती म्हणजे गावाभोवतीचा मातीचा तट. धारानगरी वर्तुळाकार वसवलेली होती. भोवती मातीचा प्रचंड तट, त्याच्या बाहेर खंदक आणि तलावांची साखळी. हा तट नवव्या शतकाच्या आरंभीचा असावा, असे अभ्यासक मानतात. म्हणजे भोजराजाच्याही दोनशे वर्षे आधीचा. दक्षिणेत वरंगळची रचना अशी वर्तुळाकार आहे. उत्तर हिंदुस्थानात मात्र या आकाराची दुसरी नगरी दाखवता येत नाही. ‘माळव्याच्या कुशीत दक्षिणेची मांडणी’ अशा शब्दांत याचे वर्णन करण्याचा मोह होतो. पण नकाशे समोर ठेवून तज्ज्ञांनी काय ते ठरवावे. आपण चालू.

सूर्योदयाच्या सुमारास गावाच्या पश्चिमेला यावे. पश्चिम आणि दक्षिण या दोन बाजूंना तट अजून बरा टिकून आहे. प्रथमदर्शनी तो तट वाटतच नाही. झाडेझुडपे वाढलेली एक लांबट टेकडी वाटते. चारशे-पाचशे पावले चालल्यावर ध्यानात येते, की ही टेकडी वळते आहे, आणि सारख्याच वळणाने वळते आहे. निसर्ग इतका नेमाने वळत नाही. हे ध्यानात येण्यासाठी पायांना तेवढा वेळ द्यावा लागतो, आणि वाहनाला तो देता येत नाही. एका अंगाला खंदकाचा सखल पट्टा दिसतो, दुसऱ्या अंगाला गावातली घरे. याच तटावर खंदकाकडे तोंड करून अब्दुल्ला शाह चंगाल यांचा दर्गा आहे. तेथील फारसी शिलालेख १४५५ सालचा आहे.

येथे आनंदाबरोबर खेदही वाट्याला येतो. ईशान्येला तट आणि खंदक दोन्ही नव्या वस्तीखाली गडप झाले आहेत. उरलेल्या भागातून विटांसाठी आणि भरावासाठी माती उचलली गेली आहे. भोजशाळेला, लाट मशिदीला निदान स्मारक म्हणून पाटी लागली. तटाला ती लाभली नाही. मातीच्या वास्तूचे दुर्दैव असे, की तिचा चोर चोर ठरत नाही. दगडी खांब कोणी उचलून नेला तर बोभाटा होतो. टोपलीभर माती नेली तर कोणी मान वर करून पाहत नाही. अकराशे-बाराशे वर्षे पावसाळ्यांना पुरून उरलेली ही वास्तू टोपल्याटोपल्यांनी संपते आहे. लुक्काचा तट वाचला तो शिल्पामुळे नव्हे, रोज हजारो पावले त्यावर पडतात म्हणून वाचला. धारेच्या तटावर सकाळी पन्नास माणसे फिरावयास येऊ लागली, तर माती उचलणाऱ्या गाडीवानाला निदान संकोच तरी वाटेल.

तटावरून उतरल्यावर गावात पोहे आणि जिलबी घ्यावी. माळव्यातील सकाळ याशिवाय सुरू झाली असे मानत नाहीत. मग गावाच्या दक्षिणेला लाट मशिदीकडे वळावे.

लाट मशीद दिलावरखान घोरीने १४०५ साली बांधली. जुन्या देवळांचे खांब तिच्यात वापरलेले स्पष्ट दिसतात. नाव मात्र पडले ते बाहेरच्या लोखंडी स्तंभावरून. दिल्लीच्या कुतुबमिनारापाशी असलेला लोहस्तंभ साऱ्या जगाला ठाऊक आहे. त्याची उंची सुमारे ७ मीटर. धारेचा स्तंभ अखंड होता तेव्हा सुमारे १३ मीटर उंच असावा, असा हिशेब अभ्यासकांनी मांडला आहे. म्हणजे जवळजवळ दुप्पट. आज त्याचे तीन तुकडे आहेत, आणि त्यांतील सर्वांत मोठा तुकडा एकटाच दिल्लीच्या स्तंभाएवढा भरतो. लोखंडाचे गोळे तापवून, घणाने ठोकून, एकाला एक जोडत हा स्तंभ वाढवला गेला. एवढ्या लांबीचे धगधगते लोखंड फिरवायचे कसे, उचलायचे कसे, घण मारणाऱ्यांनी उभे कुठे राहायचे, याचा नुसता विचार केला तरी त्या लोहारांपुढे हात जोडावेसे वाटतात. त्यांची नावे कुठेही कोरलेली नाहीत.

स्तंभ मोडला कसा, याची हकीगत जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात दिली आहे. १६१७ साली तो माळव्यात आला होता. गुजरातच्या बहादूरशहाने माळवा जिंकल्यावर हा स्तंभ गुजरातेत नेण्याचा घाट घातला. उपटताना तो पडला आणि मोडला. गावातील लोक मात्र स्तंभाची वेगळीच कथा सांगतात. त्यांच्या लेखी ही गंगली तेलिणीची लाट, तिच्या तराजूची दांडी. राजा भोज आणि गंगू तेली यांची म्हण आपल्याला माहीत आहे. येथे तेलीणबाई राजाच्या बरोबरीने गावाच्या स्मरणात उभी आहे, आणि राजापेक्षा जड वस्तू सांभाळून आहे. लोककथेचा हा न्याय मला आवडतो.

दुपारी ऊन चढल्यावर भोजशाळा. या वास्तूबद्दल बोलताना आजकाल आवाज आपोआप चढतो. मी तो खालीच ठेवणार आहे. हिंदूंसाठी ती भोजाची शाळा आणि सरस्वतीचे स्थान, मुसलमानांसाठी कमाल मौलांची मशीद. दोन्ही पक्षांच्या प्रवेशाची वारांनुसार व्यवस्था २००३ साली लावण्यात आली होती, आणि २०२४ साली उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाच्या आदेशाने तेथे पुरातत्त्व खात्याचे सर्वेक्षण झाले. जाण्यापूर्वी त्या दिवसाचा नियम विचारून घ्यावा, इतकेच मी सांगेन. न्यायनिवाडा हे आपले काम नव्हे. वाचन हे आपले काम आहे, आणि वाचणाऱ्याला या वास्तूत पुरेसे आहे.

खांबांवर सर्पबंध कोरलेले आहेत. नागाच्या विळख्यांत संस्कृत वर्णमाला आणि व्याकरणातील प्रत्यय बसवले आहेत. व्याकरण चित्रात गुंफून दगडावर मांडणारा तो अज्ञात पंडित कल्पक खराच. परंतु सर्वांत मोठा शोध १९०३ सालचा, आणि तो एका मराठी माणसाचा. काशिनाथ कृष्ण लेले हे धार संस्थानात शिक्षणखात्याचे अधिकारी होते. येथील भिंतीत बसवलेल्या शिळेवर अक्षरे आहेत, हे त्यांच्या नजरेस आले. त्या शिळेवर निघाले एक नाटक. ‘पारिजातमंजरी’ असे त्याचे नाव. कर्ता मदन, अर्जुनवर्म्याचा गुरू. काळ तेराव्या शतकाचा आरंभ. गुजरातच्या राजावर अर्जुनवर्म्याने मिळवलेला विजय हा त्याचा विषय. वसंतोत्सवात, याच धारानगरीत, शारदेच्या मंदिरात त्याचा प्रयोग व्हावयाचा, असे नाटकच सांगते. डॉ. हुल्ट्श यांनी ते पुढे ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केले.

रसिकहो, नाटक चार अंकांचे आणि शिळेवर अंक दोनच. उरलेले दोन दुसऱ्या शिळेवर असावेत. ती शिळा अजून सापडलेली नाही. तेराव्या शतकातील एका नाटकाचा उत्तरार्ध या गावातल्या कुठल्या भिंतीत, कुठल्या पायरीत पालथा पडला असेल, या विचाराने पुढे बाजारातून चालताना प्रत्येक जुन्या ओट्याकडे नजर जाते. लेले यांच्यासारखा शिक्षणाधिकारी कचेरीत बसून राहिला असता, तर पहिले दोन अंकही आपल्याला मिळाले नसते. त्यांनी आणि शिवराम काशिनाथ ओक यांनी मिळून धार संस्थानचा इतिहास मराठीत लिहिला. ज्या सभासदांच्या घरी तो असेल त्यांनी त्याला वाळवी लागू देऊ नये, ही हात जोडून विनंती.

याच संदर्भात लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील मूर्तीचाही उल्लेख केला पाहिजे. ती १८७५ साली धारेस सापडली. तिच्या पीठावरील लेख १०३४ सालचा, म्हणजे खुद्द भोजाच्या कारकिर्दीतला. वररुचीने वाग्देवी करवली आणि नंतर अंबिका करवली, असा त्या लेखाचा आशय. म्हणून ही मूर्ती जैनांच्या अंबिकेची, असे पुष्कळ विद्वान मानतात, तर धारेत ती वाग्देवी म्हणूनच ओळखली जाते. विद्वानांचे म्हणणे स्वीकारले तर एक उत्सुकता शिल्लक राहते: लेखातली ती आधीची वाग्देवी कुठे गेली? नाटकाचे दोन अंक आणि एक देवी, एवढे या गावाकडे अद्याप येणे आहे.

दुपारचे जेवण दालबाफल्यांचे असल्यास घटकाभर विश्रांती अटळ आहे. त्यानंतर बाजारपेठेतून उत्तरेकडे किल्ला. लाल दगडाचा हा किल्ला महंमद तुघलकाच्या काळचा मानतात. आपल्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची तारीख १० जानेवारी १७७५. त्या दिवशी येथे दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. नारायणरावाच्या खुनानंतर बारभाईंचे राजकारण उभे राहिले, राघोबादादा पळतीला लागले, आणि गरोदर आनंदीबाईंना खंडेराव पवारांच्या आश्रयाने या किल्ल्यात राहावे लागले. पुण्याच्या फौजेने किल्ल्याला वेढा दिला आणि मायलेकरे तिच्या हाती गेली. पेशवाईचा शेवटचा धनी कैदेच्या छायेत जन्मला आणि १८५१ साली बिठूरला, इंग्रजांच्या नजरेखाली, वारला. किल्ल्यातील खरबुजा महाल हे त्याचे जन्मस्थान म्हणून दाखवतात. पुण्याच्या शनिवारवाड्यात गर्दी करणारे आपले लोक या महालाकडे मात्र फिरकत नाहीत.

या किल्ल्याला आणखी एक वेढा पडला, तो १८५७ च्या ऑक्टोबरात. इंग्रजांच्या तोफांनी तटाला खिंडार पाडले आणि आतली शिबंदी रातोरात निसटली. त्यापायी संस्थान जप्त झाले आणि १८६० साली अल्पवयीन आनंदराव पवारांना परत मिळाले. पवारांची कथा सांगू लागलो तर संध्याकाळ अपुरी पडेल. उदाजीरावांनी माळव्यात पाय रोवले, यशवंतराव पानिपतावर पडले, आणि पुढे शिंदे-होळकरांच्या ओढाताणीत मीनाबाईंनी जे काही उरले ते जिवापाड सांभाळले. हे पवार स्वतःला परमारांच्याच कुळातले मानीत. म्हणजे त्यांच्या मते ते नवा मुलूख जिंकावयास नव्हे, पूर्वजांच्या घरी परतले होते.

ज्यांना पाय अजून साथ देत असतील त्यांनी किल्ल्यानंतर फडके स्टुडिओची चौकशी करावी. मुंबईला गिरगाव चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा आपण सर्वांनी पाहिला आहे. तो घडवणारे वसईचे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके पुढे धारेस येऊन राहिले ते कायमचे. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९७२ साली ते निवर्तले. त्यांच्या हातच्या मूर्ती धारेत आहेत, हे किती मुंबईकरांना माहीत असेल?

दिवसाचा शेवट मुंजसागरावर करावा. वाकपती मुंजाच्या नावाचा हा तलाव, आणि त्याच्या काठी पवारांच्या छत्र्या. परमारांचे पाणी आणि पवारांचे दगड येथे समोरासमोर येतात. गावात ‘साडेबारा तलाव’ अशी जुनी गणती आहे. उतरत्या उन्हात काठावर बसून सोबतच्या मंडळींनी ती नावे आठवावीत. घरी वडीलधारे असतील त्यांना विचारावीत. पुष्कळांना सात-आठच्या पुढे जाता येत नाही, असा माझा अनुभव आहे.

देवासची मंडळी समोर बसली आहेत, तेव्हा त्यांच्या गावाविषयी न बोलणे हा पंक्तिभेद ठरेल. देवासला पूर्ण दिवस लागत नाही, पण चालावे मात्र लागतेच. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी १७२८ च्या सुमारास तेथे ठाणे दिले आणि थोरली पाती, धाकटी पाती अशी एकाच गावात दोन राज्ये नांदू लागली. मुख्य रस्त्याची एक बाजू एका दरबाराची, दुसरी दुसऱ्याची. पाण्याची आणि दिव्यांची व्यवस्थाही निरनिराळी. तो रस्ता ओलांडणे म्हणजे सरहद्द ओलांडणे होते. १९४८ साली दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या. आज तो रस्ता ओलांडताना ही गोष्ट मुलांना सांगा आणि त्यांचे चेहरे पाहा. नंतर चामुंडेच्या टेकडीवर चढावे. थोरल्या पातीच्या तुकोजीरावांकडे १९२१ साली चिटणीस म्हणून राहिलेले इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर यांनी आपल्या देवासच्या आठवणींच्या पुस्तकाला याच टेकडीचे नाव दिले. आणि टेकडीच्या पायथ्याशी ‘भानुकुल’. क्षयाने खंगलेले कुमार गंधर्व १९४८ साली हवापालटासाठी देवासला आले. गाणे बंद होते, अंथरुणावरून खिडकीबाहेरची माळवी लोकगीते तेवढी कानी पडत. त्या ऐकण्यातून पुढे काय निघाले, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही.

आता एक ठोस सूचना. धारेच्या तटाचा चांगला, मोठ्या प्रमाणावरचा नकाशा आपल्या वाचनकक्षाच्या भिंतीवर लावावा. दर वर्षी पावसाळ्यानंतर, साधारण कार्तिकात, सभासदांच्या तुकडीने तटावरून चालत जावे आणि जेथे माती गेली असेल तेथे त्या वर्षाची तारीख घालून लाल खूण करावी. जेथे जुने नाव, जुनी वेस, बुजलेला तलाव कोणाच्या स्मरणात असेल, तेथे ते नाव लिहावे. खर्च नाममात्र आहे: नकाशा, चौकट, पेन्सिली आणि पोहे-जिलबी. तुकडीत निम्मी तरी शाळकरी मुले असावीत. पहिली फेरी येत्या कार्तिकात काढू. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी ग्रंथपालांकडे नाव नोंदवावे. पायांत मजबूत जोडा आणि हातात काठी असावी, कारण तटावर बाभळी पुष्कळ आहेत.